शमीधान्य म्हणजे शमीचं धान्य?

ठाण्याहून, चरईतल्या एका ताईंनी विचारलंय: "आयुर्वेदाच्या पुस्तकात 'शमीधान्य' असा शब्द आला. दसऱ्याला आपण पूजतो त्या शमीला धान्य लागतं का? माझ्या बाल्कनीत कुंडीतली शमी आहे, तिला यंदा शेंगा धरल्यात. त्या खायच्या का?"

ताई, खायचं मागाहून बघू, आधी शब्द.

या शब्दातली शमी म्हणजे झाड नव्हे, शेंग. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात खाण्याच्या पदार्थांचे वर्ग पाडलेत. पहिला शूकधान्याचा, त्याच्या पाठोपाठ शमीधान्याचा. शूक म्हणजे कुसळ; गव्हाच्या ओंबीवरून उलटा हात फिरवला की टोचतं ना, तेच. भात, गहू, जव पहिल्या वर्गात. मूग, उडीद, मसूर, हरभरे, कुळीथ दुसऱ्या. म्हणजे वाण्याकडे आपण ज्याला कडधान्य म्हणतो तेच, आणि कुळथाची पिठी करणाऱ्या घरात शमीधान्य रोजचंच. गंमत म्हणजे तीळही याच वर्गात घातलेत. तिळाला शेंग कुठली, बोंड असतं! पण बसवायचे तरी कुठे, असा प्रश्न तेव्हाही पडला असणार.

अमरकोशात हे दोन्ही अर्थ वेगवेगळ्या ठिकाणी सापडतात. धान्याच्या भागात 'शमी सिम्बा', म्हणजे शेंग. वनस्पतींच्या भागात 'शमी सक्तुफला शिवा', म्हणजे झाड. यातला सक्तुफला मला फार आवडतो. सक्तू म्हणजे आपला सातू. जिच्या फळात सातूच्या पिठासारखा गर, ती सक्तुफला. झाडाखाली बसून पिकली शेंग फोडल्याशिवाय असं नाव सुचत नाही. 'शमी शमयते पापम्' हा दसऱ्याचा श्लोक सगळ्यांना पाठ असतो, पण तो शब्दावरचा खेळ आहे. त्याला व्युत्पत्ती समजू नका.

ही शमी मुळात कोरड्या, रेताड मुलखातली. राजस्थानात तिला खेजडी म्हणतात, ती तिथला राज्यवृक्ष आहे. १७३० साली जोधपूरजवळच्या खेजडली गावात अमृतादेवी आणि बिश्नोई समाजाच्या ३६३ जणांनी जीव दिला, तो हीच झाडं तोडू नयेत म्हणून. मराठीत तिचं नाव सौंदड, पण ठाण्यात हा शब्द कोणाच्या तोंडी मी ऐकलेला नाही. जांभळी नाक्यावर गणपतीच्या पत्रीच्या वाट्यात 'शमी'च मागतात, आणि काय मिळेल ते मुकाट्याने घेतात.

आता तुमची कुंडी. घणसोलीत माझ्याकडेही एक 'शमी' होती, नर्सरीवाल्याने शपथेवर दिलेली. दोन वर्षांनी फूल आलं: लोंबता तुरा, वरचा अर्धा गुलाबी, खालचा पिवळा, छोट्या आकाशकंदिलासारखा. शेजारच्या काकू नमस्कार करून गेल्या. ती शमी नव्हती, सिगमकाठी होती. बारीक पानं, काटे, सगळं बरंचसं सारखं, त्यामुळे फसायला होतं. खऱ्या शमीचा तुरा सडपातळ आणि नुसता पिवळसर असतो. शेंगा बघितल्या तर शंकाच उरत नाही: शमीच्या बारीक, लांबट, लोंबणाऱ्या, सिगमकाठीच्या पिळवटलेल्या, एकमेकींत गुंतलेला गुच्छ. तुमच्याकडच्या गुच्छाने असतील तर राहू द्या तशाच. पूजा करायला माझी हरकत नाही, दोन्ही झाडं शेंगवाल्याच घराण्यातली, मराठी परिभाषेत 'शिंबावंत' कुलातली.

आणि शमीच्या शेंगा खायच्याच असतील तर त्याला वेगळा शब्द आहे, सांगरी. कोवळ्या शेंगा उकडून वाळवतात. केर-सांगरीची भाजी ती हीच. वाशीत मारवाडी दुकानात मी पहिल्यांदा घेतली तेव्हा वाळक्या काड्या वाटल्या होत्या. रात्रभर पाण्यात, सकाळी उकडून, मग तेलात आमचूर-लाल तिखट. तेव्हा मात्र शमीचं शमीधान्य म्हटलं तरी चालेल, फक्त चरकाच्या यादीत ते शोधू नका.