ध्येयावर फोकस असला की एकटेपणा जाणवत नाही, हे खरं आहे का? (होस्टेलवर राहतो, मित्र नाहीत, घरचे म्हणतात आधी करिअर बघ)

नाही. आणि तुमच्या घरचे बहुतेक माझ्या मामांच्या ओळखीचे असणार.

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला. गावच्या काल्याच्या नाटकाला आठवीपासून पेटी वाजवायचो. एमएस्सीला ताळगावात रूम घेतली तेव्हा फी मामांनी भरली आणि अट घातली, "नोकरी लागेपर्यंत पेटीला हात लावायचा नाय." मीपण ऐकलं. त्या वर्षी चवथीला, म्हणजे गणपतीला, दीडच दिवस घरी गेलो, तोही नोट्स घेऊन. गणपतीवर फळं-पानं टांगतात त्या माटोळीसाठी रानातून कवंडळं, म्हणजे रानफळं, आणायचं काम दरवर्षी माझं, ती चुलतभावाने आणली आणि मी आतल्या खोलीत बसून बाहेर कोण कुणावर ओरडतोय ते ऐकत होतो.

सेमिस्टरला पहिला आलो. फोनमधली नावं वरखाली केली, कुणाला सांगावं तेच कळेना. संध्याकाळी पणजी स्टँडवर वाळपईच्या कदंब बसमध्ये चढलो आणि चक्क कंडक्टरला सांगितलं, मी पहिला आलो. तो म्हणाला, "बरं झालं, सुट्टे आहेत?"

पुढे बीएडला डेसी आणि रायन हे मानसशास्त्रज्ञ वाचले. त्यांचं म्हणणं, माणसाच्या मनाला तीन गोष्टी लागतात: आपण जे करतोय ते आपल्या मर्जीचं असणं, ते जमतंय असं वाटणं आणि आपली माणसं असणं. मला जमत होतं, मर्जी मामांची होती आणि माणसं मी सोडून आलेलो. रूमवर आम्ही चौघे होतो तरी फरक पडला नाही. कॅसर आणि रायननी १९९३ मध्ये कॉलेजच्या पोरांवरही अभ्यास केला, त्यात पैसा बाकी सगळ्या ध्येयांच्या वर ठेवणाऱ्यांचं मन जास्त अस्वस्थ दिसलं. पैसा नको असं नाही, सगळ्यांच्या डोक्यावर नको, एवढंच. मामांना हे वाचून दाखवलं तर म्हणाले, त्या पोरांना फी कोण भरत होता विचार.

तुम्ही करिअर सोडू नका. फक्त ते करिअर कुणाला हवंय ते बघा आणि मार्क मिळत नाहीत असं एक काहीतरी दर आठवड्याला त्याच त्याच माणसांबरोबर करा, भजन, फुटबॉल, काहीपण.

हां, असे अभ्यास कशामुळे काय होतं ते पक्कं सांगत नाहीत, एकटा पडला म्हणूनही माणूस मार्कांना चिकटतो. आणि झोप-जेवण उडालं असेल तर माझं उत्तर वाचत बसू नका, १४४१६ वर टेली-मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, फोन करा.

मामा अजून म्हणतात, मी अट घातली म्हणून तुला नोकरी लागली. मास्तरकीच्या फॉर्मची लास्ट डेट मला माहीतच नव्हती, आदल्या रात्री फोन करून सांगितली ती आमच्या नाटकातल्या तबलेवाल्याने.