पॅनेल तापलं की वीज कमी का मिळते?

ताई, बारावीतल्या मुलीच्या पुस्तकात अर्धवाहक (धातूइतकी सहज वीज न वाहू देणारा, सिलिकॉनसारखा पदार्थ) तापला की वाहकता वाढते असं आहे, आणि देवगडला तुमच्या पत्र्यावरचं सोलर पॅनेल मे महिन्यात भर दुपारी कमी वीज देतं. कुठलं खरं, असं तुम्ही विचारलंत. दोन्ही खरं आहे. किंबहुना दुसरं घडतं ते पहिल्यामुळेच.

आधी धातू आणि अर्धवाहक यांतला फरक पाहू. तांब्यात मोकळे इलेक्ट्रॉन मुळातच भरपूर. तापल्यावर ते वाढत नाहीत, अणूंची थरथर तेवढी वाढते आणि त्यांची वाट अडते. दर अंशाला रोध साधारण 0.4 टक्के चढतो. सिलिकॉन हा अर्धवाहक. शुद्ध सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन अणूंमधल्या बंधातून सुटायलाच 1.12 इलेक्ट्रॉनव्होल्ट एवढी ऊर्जा लागते, म्हणून एरवी फार थोडे सुटतात. तापमान 25 वरून 60 अंशांवर गेलं की ही संख्या सुमारे दहापट होते. सिल्व्हर सल्फाइड या दुसऱ्या अर्धवाहकातून तापवल्यावर वीज जास्त वाहते हे शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडेने 1833 मध्येच पाहिलं होतं.

आता पॅनेल. ते सिलिकॉनच्या छोट्या सेलचं बनलेलं असतं, आणि प्रत्येक सेलमध्ये दोन थरांचा जोड असतो. प्रकाशाने सुटलेले इलेक्ट्रॉन या जोडाच्या एका बाजूला आणि होल (इलेक्ट्रॉन सुटल्यावर मागे उरलेल्या रिकाम्या जागा) दुसऱ्या बाजूला राहतात, म्हणून व्होल्टेज मिळतं. उष्णतेने सुटणाऱ्या जोड्या वाढल्या की दोघांचं पुन्हा एकमेकांत मिसळणं वाढतं आणि व्होल्टेज पडतं, एका सेलमागे दर अंशाला साधारण 2 मिलिव्होल्ट. विद्युतधारा किंचित वाढते खरी, पण तिने ही तूट भरत नाही. मुलीला एवढंही सांगा, की पुस्तकातलं वाक्य शुद्ध सिलिकॉनचं आहे. बोरॉन किंवा फॉस्फरस मिसळलेल्या सिलिकॉनचा रोध नेहमीच्या तापमानाला तापल्यावर थोडा वाढतोच, कारण तिथले वाहक आधीच मोकळे झालेले असतात.

पॅनेलवर छापलेले वॅट सेल 25 अंशांवर असतानाचे. बहुतेक सिलिकॉन पॅनेलची शक्ती दर अंशाला 0.3 ते 0.4 टक्के घटते. सेल 60 अंशांवर गेला तर 550 वॅटचं पॅनेल पूर्ण उन्हातही 480 च्या आसपास येतं. तुमचं पॅनेल बिघडलेलं नाही.

पण पत्र्याला चिकटवून बसवलं असेल तर ती बसवण्याची पद्धत जरूर बदलून घ्या. खाली निदान वीतभर फट हवी, आणि दुपारचा खारा वारा त्या फटीतून आरपार गेला पाहिजे. याच वाऱ्याबरोबर मीठही येतं. ओल धरलेल्या मिठातून आयन (विद्युतभार असलेले कण) वीज वाहून नेतात, म्हणून जोडण्यांची टोकं घट्ट बंद आहेत ना, हे पावसाळ्याआधी तपासून घ्या.