मलमाची डबी आणि दोनशे बायका

मॅडम सी. जे. वॉकर या कृष्णवर्णीय अमेरिकन उद्योजिकेवरच्या लेखानंतर आलेल्या प्रश्नांपैकी हे काही.

धुणी धुणारी बाई एका मलमावर एवढी श्रीमंत कशी झाली? (सांगली)

मलम साधंच होतं. गंधक आणि व्हॅसलिनच्या जातीचा चिकट पदार्थ, एवढंच मुख्य. गरिबांच्या घरात नळ नव्हते, डोकं क्वचित धुतलं जाई, त्यामुळे कोंडा आणि केस गळणं घरोघरी. करामत होती विक्रीत. विक्रेती बाई दारी यायची, डोकं धुऊन, मलम चोळून दाखवायची आणि मग डबी विकायची. या बायकांना शिकवायला वॉकरने 1908 मध्ये पिट्सबर्गला शाळा काढली. 1910 मध्ये इंडियानापोलिसला बस्तान हलवलं आणि तिथे कारखाना उभा केला. धुणं, स्वयंपाक नाहीतर शेतमजुरी, याखेरीज जिला काम मिळत नव्हतं तिच्या हाती स्वतःचा पैसा आला. 1917 मध्ये फिलाडेल्फियात अशा दोनशेहून अधिक विक्रेत्या जमल्या. बक्षिसं जास्त विक्रीला होती, तशी जास्त दानधर्मालाही. आणि त्याच मेळाव्यातून राष्ट्राध्यक्ष विल्सन यांना तार गेली, कृष्णवर्णीयांच्या झुंडहत्या थांबवा म्हणून. मलमापेक्षा मला ही तार मोठी वाटते.

ही कल्पना तिचीच होती का? (पुणे)

नाही. ॲनी मलोन या दुसऱ्या कृष्णवर्णीय उद्योजिकेची. वॉकर आधी तिचाच ‘पोरो’ नावाचा केसांचा माल विकायची. मलोनने 1918 मध्ये सेंट लुइसला पोरो कॉलेज बांधलं. तिथे कारखाना, वर्ग, सभागृह सगळं एका छताखाली. तिने हात दिलेला अनाथाश्रम पुढे तिच्याच नावाने ओळखला गेला. तरी नाव झालं शिष्येचं!

केस सरळ करणं ही गोऱ्यांची नक्कलच ना? (नाशिक)

हा वाद तेव्हाही होता. ‘मी केस वाढवते, सरळ करत नाही,’ असं वॉकर सांगे. पण तिच्या पद्धतीत केस सरळ करणारा गरम कंगवा होताच. त्यामुळे मला ते अर्धंच पटतं. गोरेपणाच्या क्रीमवर वाढलेल्या आपण मात्र जपूनच बोलावं.

आज हा धंदा कृष्णवर्णीयांच्याच हाती आहे? (ठाणे)

पार्लरं बरीचशी आहेत, मोठ्या कंपन्या फारशा नाहीत. शिकागोची जॉन्सन प्रॉडक्ट्स ही कृष्णवर्णीय मालकाची, केसांचा माल बनवणारी कंपनी 1971 मध्ये अमेरिकन स्टॉक एक्स्चेंजवर आली, 1993 मध्ये विकली गेली. गंगावणं नि टोप विकणारी दुकानं बहुतेक कोरियन वंशाच्या लोकांची. त्यात भरला जाणारा माल? तिरुपतीला आपण उतरवलेल्या केसांचा लिलाव होतो आणि लांबसडक केस परदेशी जातात.