पहिल्या विपश्यना शिबिराला निघालीस म्हणून सांगते

इगतपुरीला दुःखापासून पळायला म्हणून जाऊ नकोस. मी तशीच गेले होते. पहिले तीन दिवस फक्त श्वास बघायचा, ते निभतं. चौथ्या दिवशी विपश्यना, म्हणजे अंगावरच्या संवेदना नुसत्या बघत राहणं, शिकवतात आणि मग अधिष्ठान सुरू होतं: दिवसातून तीनदा, तासभर न हलता. गुडघा ठणकायला लागला की तास संपता संपत नाही. तेव्हा दातओठ खाऊन सोसू नकोस; अगदीच असह्य झालं तर सावकाश पाय हलव.

बुद्धवचनांच्या पाली भाषेत ‘वेदना’ म्हणजे नुसतं दुखणं नव्हे, सुखद संवेदनाही वेदनाच. मराठीत तिचा एकच अर्थ उरला, आणि मला वाटतं तिथेच आपण अडतो. ठणक एक, आणि ‘ही आत्ताच्या आत्ता जायला हवी’ ही तडफड दुसरी. मला छळत होती ती दुसरी. ती सैल झाली त्या सकाळी गुडघा दुखतच होता, तरी मी शांत होते. पुढे अंगभर छान लहरी आल्या तर त्यांच्याही मागे लागू नकोस. मी लागले, आणि दोन दिवस त्यांची वाट बघण्यात गेले.

पाठीचं जुनं दुखणं अर्जात नक्की लिही. आणि शाल ने, पहाटे चारला घंटा होते.