वाचकांचे प्रश्न : सरकारी मोफत उपचार कोणाला मिळावेत?

प्रश्न : ज्यांना खर्च परवडतो त्यांच्या उपचारांवर सरकारने पैसे का घालावेत? उत्पन्नाची मर्यादा ठेवून फक्त गरिबांना मोफत उपचार दिले, तर त्याच पैशांत त्यांची अधिक चांगली सोय होणार नाही का?

उत्तर : कागदावर हे पटते. अडचण सुरू होते ती गरीब कोण हे ठरवताना. उत्पन्नाचा दाखला सरलेल्या वर्षाचा असतो आणि आजार आजचा. शिवाय आजारच उत्पन्न बुडवतो. मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर चार महिने अंथरुणाला खिळलेला गवंडी दाखल्यावर अजून कमावताच असतो.

मर्यादेच्या रेषेजवळ काय होते ते आकड्यांत पाहा. मर्यादा १०० धरा. एका घराचे उत्पन्न ९८, दुसऱ्याचे १०३. दोन्हीकडे ४० खर्चाची शस्त्रक्रिया निघाली. पहिल्या घराच्या हातात ९८ तसेच राहिले, दुसऱ्याच्या हातात ६३. पाच जास्त मिळवले म्हणून दुसरे घर पहिल्याच्या पस्तीसने खाली गेले. मग माणसे जादा काम नाकारतात किंवा मिळकत लपवतात. नियमच त्यांना तसे वागायला लावतो. सवलत टप्प्याटप्प्याने कमी करत नेली तर हा खड्डा उथळ होतो, पण प्रत्येक टप्प्याला नवा दाखला, नवी तपासणी आणि नवा वाद. रोजंदारीवर जगणाऱ्याचे उत्पन्न तर महिन्यागणिक बदलते. त्याला कोणत्या टप्प्यावर बसवणार?

तपासणी कडक केली की खरे गरजू गळतात, सैल केली की ओळखीपाळखीचे आत शिरतात. थायलंडने हे दोन्ही अनुभवले. तिथे १९७५ पासून कमी उत्पन्नवाल्यांसाठी मोफत उपचारांची योजना होती. कार्डे अनेक सुस्थितीतल्या घरांत पोहोचली आणि कितीतरी गरीब घरे बाहेर राहिली. २००२ मध्ये त्यांनी प्रश्नच उलटा केला. सरकारी नोकरांची एक योजना होती, संघटित क्षेत्रातल्या कामगारांची दुसरी. या दोन्हींत जो नाही तो नागरिक आपोआप तिसऱ्या योजनेत. गरिबी सिद्ध करण्याची गरजच उरली नाही.

श्रीमंतांनी वाटा उचलावा, हे अगदी बरोबर. पण तो करातून घ्यावा. उत्पन्न एकदा कर खात्याने मोजल्यावर ते पुन्हा केसपेपरच्या खिडकीवर, तापाने फणफणलेल्या माणसासमोर मोजत बसू नये. करवसुलीत गळती असेल तर ती कर खात्यात बुजवावी लागते.

आणि तिजोरीत खरोखरच पैसे कमी असतील तर? आमचे ठाम मत असे की माणसे गाळू नयेत, सेवांची यादी लहान ठेवावी. लसीकरण, बाळंतपण, क्षयरोग, रक्तदाब आणि मधुमेहाची नेहमीची औषधे, अपघात आणि तातडीच्या शस्त्रक्रिया इथून सुरुवात करावी. पैसा वाढेल तशी यादी वाढवावी, आणि ती सगळ्यांना वाचता येईल अशी जाहीर असावी.

प्रश्न : हा हक्क फक्त नागरिकांना असावा की देशात राहणाऱ्या प्रत्येकाला? बाहेरून आलेल्यांचा भार करदात्यांनी का सोसायचा?

उत्तर : आमच्या मते निकष राहण्याचा असावा. ब्रिटनची आरोग्यसेवा ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली. तिथे आजही पारपत्रापेक्षा माणूस कायदेशीरपणे आणि स्थिरपणे देशात राहतो का, हे पाहतात. परदेशात कायम स्थायिक झालेला ब्रिटिश नागरिक सुट्टीवर आला, तर रुग्णालयातल्या नियोजित उपचारांसाठी त्यालाही एरवी पैसे पडू शकतात. तिथे राहून कर भरणारा परदेशी कामगार मात्र आत असतो. कॅनडात १९८४ च्या कायद्याने प्रांतांना नव्या रहिवाशासाठी जास्तीत जास्त तीन महिन्यांची प्रतीक्षा ठेवायची मुभा दिली. फक्त उपचारापुरते येणाऱ्यांना अशी मुदत अडवते. तेवढ्या काळात घरात बाळंतपण निघाले तर काय, याची तरतूद मात्र नियमातच हवी.

कागद नसलेल्यांना फक्त तातडीचे उपचार द्यावेत, हा मधला मार्ग स्वस्त वाटतो. डायलिसिसच्या रुग्णावर तो लावून पाहा. मूत्रपिंडे निकामी झालेल्या माणसाला साधारणपणे आठवड्यातून तीनदा, सुमारे चार-चार तास यंत्रावर बसावे लागते. अमेरिकेतल्या काही राज्यांत अशा स्थलांतरितांना अवस्था ‘तातडीची’ झाल्याशिवाय यंत्र मिळत नसे. म्हणजे रक्तातले पोटॅशियम हृदयाचे ठोके बिघडवण्याइतके वाढायचे, फुप्फुसांत पाणी साचून श्वास लागायचा, तेव्हा कुठे दार उघडायचे. असे रुग्ण जास्त दगावले आणि रुग्णालयात जास्त दिवस खिळून राहिले. ना जीव वाचले, ना पैसे.

संसर्गजन्य रोगांत तर वगळण्याची सोयच नाही. फुप्फुसाच्या क्षयरोगाचा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा. बिलाच्या किंवा पकडले जाण्याच्या धास्तीने रुग्ण मध्येच नाहीसा झाला, तर त्याचा खोकला बसमधल्या शेजाऱ्यापर्यंत पोहोचतो आणि अर्धवट औषधांनी जंतू निर्ढावतात. म्हणूनच इंग्लंडमध्ये क्षयरोगाचा उपचार परदेशी पाहुण्यालाही मोफत आहे. स्पेनने २०१२ मध्ये कागद नसलेल्या प्रौढांना नेहमीच्या सेवेतून बाहेर काढले आणि २०१८ मध्ये पुन्हा आत घेतले.

नियम लिहिताना काही गोष्टी सुटतात, त्या इथेच सांगतो. राहण्याचा पुरावा म्हणून एकच कागद मागू नये. भाडेपावती, शाळेतली नोंद, मालकाचे पत्र यांपैकी काहीही चालावे, कारण घराचे कागद बहुधा एकाच माणसाच्या नावावर असतात आणि बायको, म्हातारी आई, भाडेकरूचा भाडेकरू अडकतात. कावीळ ब च्या लसीचा पहिला डोस जन्मानंतर २४ तासांत द्यायचा असतो. जन्मदाखल्याला त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणून नवजात बाळ आईच्या नोंदणीवर आपोआप चढले पाहिजे. तपासणी उपचारानंतर किंवा वेगळ्या कार्यालयात व्हावी, आणि रुग्णालयातली माहिती पोलिसांकडे किंवा स्थलांतर खात्याकडे जाणार नाही, हे कायद्यात लिहावे.

थोड्या दिवसांसाठी आलेल्या पर्यटकाकडून, जीव वाचवणारे उपचार आधी करून, बिल जरूर घ्यावे. व्हिसा देतानाच विमा मागितला की वसुलीची डोकेदुखी बरीच कमी होते.

प्रश्न : सगळेच फुकट असेल तर लोक उगाच गर्दी करतील. निदान नाममात्र शुल्क ठेवू नये का?

उत्तर : अमेरिकेत १९७० च्या दशकात कुटुंबांना चिठ्ठ्या टाकल्यासारखे वेगवेगळ्या विमा योजनांत घालून हे तपासले गेले. शुल्क असलेले लोक डॉक्टरकडे कमी गेले खरे, पण अनावश्यक भेटींइतक्याच आवश्यक भेटीही घटल्या. गरीब घरांतल्या उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना मोफत उपचारांत रक्तदाब जास्त चांगला आटोक्यात ठेवता आला. जर्मनीने २००४ मध्ये तिमाहीला १० युरो लावले. हिशेब आणि वसुलीचा व्याप वाढला, आणि २०१३ पासून ते काढून टाकले. गर्दी आवरायची तर जवळच्या डॉक्टरची चिठ्ठी असल्याशिवाय मोठ्या रुग्णालयात नियोजित तपासणी नाही, असा नियम ठेवावा. आणि रक्तदाबाची गोळी एका वेळी तीन महिन्यांची द्यावी. दरमहा त्याच रांगेत उभे राहणारी माणसे निम्म्याहून कमी होतील.