आयर्लंडला जाताय? तिथलं मत, तिथली मोजणी आणि आपल्या प्रभागांसाठी त्यातलं काय घ्यावं

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नांदेडहून परिचारिका म्हणून कॉर्कला निघालाय, क्रिटिकल स्किल्स परमिट (टंचाई असलेल्या कुशल कामांसाठीचा तिथला कामाचा परवाना) हातात आहे, मागोमाग यजमान येणार. ते अर्धापूरकडच्या ग्रामपंचायतीत सदस्य होते. म्हणून विचारलंय की तिथल्या कारभारात बाहेरून आलेल्याला काही जागा असते का, आणि त्या प्रजासत्ताकातलं आपल्याकडे आणण्यासारखं काही आहे का. नोकरी, घर, बँक यावर इतरांनी भरपूर लिहिलंय. मी या दोनच गोष्टींवर लिहितो.

जागा आहे, आणि पुष्कळांना ती माहीतच नसते. स्थानिक निवडणुकीत १८ वर्षं पूर्ण झालेला आणि तिथं राहणारा कुणीही मत देऊ शकतो. नागरिकत्व विचारत नाहीत. परमिटवर असा, शिकायला आलेले असा, चालतं. उभंही राहता येतं. २०२४ साली साउथ डब्लिन काउंटी कौन्सिलचे महापौर झालेले गृहस्थ मूळचे केरळचे आहेत. मात्र डॉल, म्हणजे त्यांची लोकसभा, तिच्या निवडणुकीत आयरिश आणि ब्रिटिश नागरिकांनाच मत आहे. राष्ट्राध्यक्ष आणि सार्वमत यांत फक्त आयरिश नागरिकांना.

नोंदणी अशी. पोहोचल्यावर ९० दिवसांच्या आत इमिग्रेशनची नोंद करायची (फी ३०० युरो), आणि पीपीएस नंबर, म्हणजे सरकारी कामांसाठीचा तिथला ओळख क्रमांक, काढायचा. पीपीएस नंबर, जन्मतारीख आणि घराचा एअरकोड (तिथला पिनकोड) एवढं असलं की मतदार नोंदणी ऑनलाइन होते. पीपीएस नंबर नसेल तर कागदी अर्ज घेऊन पोलीस ठाण्यात जावं लागतं, म्हणून आधी तो नंबर. लोक चुकतात ते घर बदलल्यावर. भाड्याची खोली दोनतीनदा बदलते, नोंद जुन्याच पत्त्यावर राहते आणि मतदान कार्ड जुन्या घरी जाऊन पडतं. नोंदणी वर्षभर चालू असते, पण मतदानाच्या साधारण १५ दिवस आधी त्या निवडणुकीपुरती बंद होते. मागची स्थानिक निवडणूक जून २०२४मध्ये झाली आणि मुदत पाच वर्षांची असते, म्हणजे तुमच्याकडे वेळ आहे.

आता मतपत्रिका. यजमानांनी औरंगाबाद विभाग पदवीधर मतदारसंघात कधी मत दिलं असेल तर त्यांना निम्मं आधीच येतं. तो जांभळा स्केचपेन आठवा, तेच १, २, ३ असे पसंतीक्रम. आयर्लंडमध्ये स्केचपेनच्या जागी पेन्सिल असते आणि ही पद्धत एखाददुसऱ्या निवडणुकीपुरती नाही, कौन्सिलपासून डॉलपर्यंत सगळीकडे तीच आहे. मोठा फरक पुढे आहे: पदवीधरला जागा एकच असते, तिथं एका विभागातून अनेक निवडून येतात. कॉर्क सिटी कौन्सिलचे ३१ सभासद पाच विभागांतून येतात, कुठून सहा, कुठून सात. डॉलचे १७४ सदस्य ४३ मतदारसंघांतून, प्रत्येकी तीन ते पाच.

कोटा म्हणजे निवडून यायला लागणारी मतं; तो काढायची रीत सोपी आहे. वैध मतं भागिले (जागा अधिक एक), आणि आलेल्या आकड्यात एक मिळवायचा. सहा जागा आणि १४,००० वैध मतं असतील तर १४,००० भागिले ७ म्हणजे २,०००, अधिक १, कोटा २,००१. एखाद्याला पहिल्याच फेरीत २,६०० मिळाली तर तो निवडून आला आणि ५९९ मतं जादा ठरली. ती वाया जात नाहीत. त्याच्या सगळ्या मतपत्रिका दुसऱ्या पसंतीप्रमाणे लावतात आणि त्या प्रमाणात ५९९ पत्रिका पुढच्यांकडे वळवतात. जादा मतं नसतील तर तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या पत्रिका पुढच्या पसंतीला जातात. हे जागा भरेपर्यंत चालतं; दोनतीन दिवस सहज लागतात.

मतदार म्हणून दोन गोष्टी ध्यानात ठेवा. खालच्या पसंत्या दिल्यानं वरच्या उमेदवाराचं काहीही बिघडत नाही, कारण तो निवडून आल्याशिवाय किंवा बाद झाल्याशिवाय तुमची दुसरी पसंती कुणी बघतच नाही. म्हणून जितके आकडे मनापासून देता येतील तितके द्या. आणि आकडा गाळू नका: १, २, ४ असं लिहिलं तर दोननंतर तुमची पत्रिका थांबली. दोन ठिकाणी १ लिहिलं तर ती बादच.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर याच मोजणीत आहे. आपल्या महापालिकांत बहुसदस्यीय प्रभाग आधीपासून आहेत. नांदेड-वाघाळ्याचे ८१ नगरसेवक २० प्रभागांतून येतात. पण आपण अ, ब, क, ड अशा जागा वेगळ्या करतो, प्रत्येकीचं बटण वेगळं, आणि प्रत्येकीत ज्याला सर्वाधिक मतं तो निवडून. त्यामुळे ज्याचं पॅनल थोडं पुढे, त्याचं सगळं पॅनल येतं. २०१७मध्ये नांदेडला ८१ पैकी ७३ जागा एकाच पक्षाला, काँग्रेसला मिळाल्या. शहरातली नव्वद टक्के माणसं त्या पक्षाची होती, असं काँग्रेसवालाही म्हणणार नाही. पुढे हीच पद्धत दुसऱ्या कुणाला असाच लाभ देईल. आयरिश मोजणीत चार जागांच्या प्रभागात कोटा साधारण २० टक्क्यांचा पडतो. ज्या गटाकडे तेवढी मतं आहेत त्याचा एक माणूस आत जातोच, आणि ६० टक्केवाल्याला तीन मिळतात, चार नाही.

लगेच कुणी म्हणेल, मग आरक्षणाचं काय? ते बसवता येतं. मोजणीच्या नियमात एवढंच घालायचं की राखीव जागेपुरतेच उमेदवार उरले असतील तर त्यांना बाद करायचं नाही, आणि खुल्या जागा भरल्या की उरलेले बिगरराखीव बाजूला काढायचे. प्रभागाची रचना राज्याच्या कायद्यात आहे. ती मुंबईतून बदलते, आणि किती वेळा बदलली हे तुम्हाला माहीत आहे. खरी अडचण यंत्राची आहे. आपलं ईव्हीएम पसंतीक्रम घेत नाही, कागदावर जावं लागेल. आयर्लंडनं उलटा प्रयोग करून पाहिला: सुमारे ५.४ कोटी युरो खर्चून मतदान यंत्रं घेतली, २००२मध्ये तीन मतदारसंघांत चालवली, विश्वास बसला नाही, आणि २०१२मध्ये ती भंगारात काढली.

लोकसभा-विधानसभेला हे लावणं फार अवघड. दोन सदस्यांचे मतदारसंघ १९५२ आणि १९५७च्या निवडणुकांत होते, पण १९६१च्या कायद्यानं ते संपले. एक जागा ठेवूनही पसंतीक्रम मात्र घेता येईल. २०१९च्या औरंगाबाद लोकसभेत विजयी उमेदवाराला सुमारे ३ लाख ८९ हजार, दुसऱ्याला ३ लाख ८४ हजार आणि तिसऱ्याला २ लाख ८३ हजार मतं पडली. निकाल बरा की वाईट हा मुद्दा नाही. तिसऱ्याच्या पावणेतीन लाखांवर मतदारांना उरलेल्या दोघांपैकी कोण चाललं असतं, हे आपण त्यांना विचारलंच नाही.

घटनादुरुस्तीबाबतही त्यांच्याकडे बघण्यासारखं आहे. १९३७च्या आयरिश घटनेतला एक शब्द बदलायचा तरी सार्वमत लागतं. आपल्या घटनेत शंभरावर दुरुस्त्या झाल्या, मतदाराला एकदाही विचारलं नाही. या जाचक वाटणाऱ्या अटीनंच त्यांची मतदान पद्धत वाचवली. मोठ्या पक्षाला ती गैरसोयीची होती, म्हणून १९५९ आणि १९६८ अशी दोनदा ती काढायची दुरुस्ती लोकांपुढे ठेवली. दोन्ही वेळा लोकांनी ती पाडली. १९५९ला तर त्याच दिवशी त्या पक्षाचे नेते आणि पंतप्रधान डी व्हॅलेरा यांना राष्ट्राध्यक्ष केलं आणि त्यांची दुरुस्ती नाकारली. दीडशे कोटींच्या देशात प्रत्येक दुरुस्तीला सार्वमत घ्यावं असं मी म्हणणार नाही, बहुसंख्येनं अल्पसंख्याकांचे हक्क मतदानाला टाकायची भीती खरी आहे. पण निवडणुकीचे नियम निवडून आलेल्यांनी एकट्यानं बदलू नयेत, इतपत घ्यायला हरकत नाही.

नागरिक सभा हा तिसरा प्रकार. २०१६च्या सभेत ९९ नागरिक चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडले होते, अध्यक्षपदी एक न्यायाधीश. शनिवार-रविवार बसून तज्ज्ञांना ऐकायचं, मग शिफारस. गर्भपातावरची २०१८ची दुरुस्ती त्यातून आली आणि ६६ टक्क्यांनी मंजूर झाली. आपल्या ग्रामसभेला बोलावणं सगळ्यांना असतं आणि येतात तेच ते. गणपूर्ती झाली नाही की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीच लागत नाही. तिथं निवड करून बोलावतात, म्हणून एरवी न बोलणारा माणूस येतो. पण सभेचं म्हणणं सरकारनं आपल्या सोयीनं बदललं की फसतं: मार्च २०२४ची कुटुंब आणि संगोपन यांवरची दोन्ही सार्वमतं मोठ्या फरकानं पडली, त्यामागे शब्द बदलल्याची नाराजीही होती.

सगळं गोड नाही. एकाच पक्षाचे उमेदवार एकमेकांशी झुंजतात, त्यामुळे डॉलचा सदस्यही खड्डे, घरकुलं आणि मयतीच्या फेऱ्या करत फिरतो. दहाव्याला हजर राहणारा आमदार तुम्हाला तिथंही भेटेल. कौन्सिल दुबळी आहेत: नोकरभरती आणि बांधकाम परवानगी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या हातात, पाणी वेगळ्या राष्ट्रीय कंपनीकडे. बायकांच्या बाबतीत तर त्यांनीच आपल्याकडे यावं. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांत निम्म्या जागा महिलांना राखीव आहेत. तिथं फक्त डॉलच्या उमेदवारीत ४० टक्के स्त्रिया नसतील तर पक्षाचं निम्मं सरकारी अनुदान कापतात, आणि कौन्सिलला तीही अट नाही.

शेवटी नागरिकत्व. पाच वर्षांच्या मोजता येण्याजोग्या वास्तव्यानंतर अर्ज करता येतो. विद्यार्थी म्हणून काढलेला काळ त्यात धरत नाहीत. आयरिश झालात की भारतीय नागरिकत्व जातं, आणि ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते) इथलं मत मिळत नाही. तोवर नांदेडचं मत ठेवायचं असेल तर फॉर्म ६ए भरून परदेशस्थ मतदार म्हणून नाव लावा, पासपोर्टवरच्या भारतातल्या पत्त्याच्या मतदारसंघात. त्या दिवशी मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः केंद्रावर यावं लागतं, टपाली मताची सोय नाही. म्हणून तिकिटं काढताना निवडणुकीचं वर्ष बघून काढा.