विसरत नाहीत, तरीही डिमेन्शिया कसा?

आपला प्रश्न असा आहे की, ५६ वर्षांच्या वडिलांना सगळे व्यवस्थित आठवते, मात्र गेल्या दीड वर्षापासून ते कोणालाही टाकून बोलतात, रात्री उठून गोड संपवतात आणि आजीच्या निधनाच्या दिवशीही शांतपणे टीव्ही पाहत बसले. डॉक्टरांनी फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाची शंका सांगितली आहे, तर विसरणे नसताना हा डिमेन्शिया कसा, आणि वडील हे मुद्दाम करतात का. मी डॉक्टर नाही. चोपडा तालुक्यातील आमच्या गावी माझ्या आईला हाच आजार होता आणि सात वर्षे मी तिच्यासोबत काढली, म्हणून लिहीत आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: ते मुद्दाम करीत नाहीत. हे मला समजायला दोन वर्षे लागली आणि त्या दोन वर्षांत मी आईला जे बोललो, ते आजही मला टोचते.

आई अत्यंत मितभाषी होती. चारचौघांत डोक्यावरचा पदर कधी ढळू न देणारी. चुलत्यांच्या गंधमुक्तीच्या, म्हणजे मृत्यूनंतरच्या विधीच्या, दिवशी वरण-बट्टीची पंगत बसली असताना तिने शेजारणीच्या ताटातली बट्टी उचलून खाल्ली, आणि ज्याचे वडील गेले होते त्या माझ्या चुलतभावाला हसत हसत विचारले, "आते वाटनी कव्हय?" (आता वाटणी कधी?) सगळी पंगत गप्प झाली, आणि तिला मात्र काही विपरीत घडल्याचे जाणवलेही नाही. त्याच संध्याकाळी कोणाकडे किती पायली दादर ज्वारी उधार आहे, कोणत्या वर्षी दिली आणि कोणी परत केली नाही, हे तिने मला न अडखळता सांगितले. अशा बाईला डिमेन्शिया आहे, असे कोण म्हणेल? आम्ही आधी भगताकडे गेलो, मग वर्षभर नैराश्याच्या गोळ्या झाल्या. एका तपासणीत तिला स्मरणशक्तीच्या चाचणीत ३० पैकी २७ गुण मिळाले आणि 'मेंदू ठीक आहे' असे सांगून आम्हाला परत पाठवण्यात आले.

डिमेन्शिया म्हणजे विसरणे हे समीकरण आपल्या मनात अल्झायमरमुळे बसले आहे, कारण त्या आजारात झीज बहुधा नवीन आठवणी साठवणाऱ्या हिप्पोकॅम्पसच्या परिसरात सुरू होते. येथे ती कपाळामागच्या फ्रंटल खंडात आणि कानशिलाजवळच्या टेम्पोरल खंडाच्या पुढच्या टोकाला सुरू होते. काय बोलावे, कोठे थांबावे, समोरच्याच्या चेहऱ्यावरचे दुःख कसे ओळखावे, ही कामे या भागांची आहेत. डोळ्यांच्या खोबण्यांच्या वर असलेला ऑर्बिटोफ्रंटल भाग झिजला की मनात आले ते तोंडातून आणि हातून लगेच घडते. मधल्या बाजूचा अँटिरियर सिंग्युलेट झिजला की माणूस तासन् तास एका जागी बसून राहतो आणि घरचे त्याला आळशी ठरवतात. उजव्या टेम्पोरल खंडाचे टोक झिजले की सहानुभूती आटते. आजीच्या निधनाचे आपल्या वडिलांना काही वाटले नाही, यामागे बहुधा हेच असावे. गोडाची हाव हेही याच आजाराचे ओळखीचे लक्षण आहे. आमच्याकडे गुळाची ढेप कुलुपात ठेवावी लागे, आणि कुलूप दिसले की आई भांडत नसे, किल्ली शोधत बसे. त्या शोधातली तिची चिकाटी पाहून वाटे की बुद्धी तर शाबूत आहे.

याशिवाय एकच कृती पुन्हा पुन्हा करणे असते. आई रोज सकाळी मारुतीच्या देवळापर्यंत त्याच वाटेने सात-आठ फेऱ्या घालत असे, पाऊस असो वा वैशाखाचे ऊन. २०११ साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय निकषांत संयम सुटणे, उदासीनता, सहानुभूती हरपणे, अशा ठरावीक कृती, खाण्यातला बदल आणि स्मरण बऱ्यापैकी टिकून असताना नियोजनशक्ती ढासळणे, अशी सहा लक्षणे आहेत. त्यांपैकी तीन आढळली तर या आजाराचा संशय धरतात, आणि दैनंदिन कामकाजातली घसरण व मेंदूच्या चित्रातली झीज त्याला जोडली गेली की निदान अधिक पक्के होते. आईच्या एमआरआयवर कपाळाकडच्या घड्यांमधल्या भेगा रुंदावलेल्या होत्या आणि मागचा भाग मात्र भरलेला होता. न्यूरॉलॉजिस्टांनी ती फिल्म उजेडासमोर धरून दाखवली, तेव्हा मला प्रथमच पटले की हा स्वभाव नव्हे.

या आजाराचे पहिले वर्णन प्रागच्या अर्नोल्ड पिक यांनी १८९२ साली केले, आणि काही रुग्णांच्या पेशींतले गोल गोळे १९११ साली ज्यांनी दाखवले ते खुद्द अलॉइस अल्झायमर होते. तरीही आज लोकांच्या तोंडी एकच नाव आहे. पेशींत बहुधा टाऊ किंवा टीडीपी-४३ नावाचे प्रथिन साचते. काही कुटुंबांत हा आजार आनुवंशिक असतो, म्हणून वडिलांच्या भावंडांत किंवा आजी-आजोबांत असे कोणी 'वेडसर' म्हटले गेले होते का, अथवा हातापायांच्या स्नायूंचा दुबळेपणा येऊन कोणी गेले का, हे डॉक्टरांना जरूर सांगा. काही रुग्णांत मोटर न्यूरॉन आजार, म्हणजे स्नायूंना चालवणाऱ्या मज्जापेशी झिजण्याचा आजार, याच्यासोबत येतो.

हा आजार थांबवणारे औषध आज नाही. अल्झायमरसाठी दिल्या जाणाऱ्या डोनेपेझिलसारख्या गोळ्यांचा येथे उपयोग होत नाही आणि काहींची बेचैनी त्यामुळे वाढते. आईचीही वाढली होती. सर्ट्रालीनच्या गटातल्या, नैराश्यावर दिल्या जाणाऱ्या गोळ्यांनी किंवा ट्रॅझोडोनने काही जणांचे वागणे थोडे शांत होते. भ्रम किंवा आक्रमकपणा आवरण्यासाठी दिल्या जाणाऱ्या अँटिसायकोटिक गोळ्यांनी मात्र या रुग्णांना अंगात ताठरपणा लवकर येऊ शकतो, तेव्हा त्या डॉक्टरांना विचारूनच आणि अगदी कमी मात्रेने सुरू व्हाव्यात.

आता एक व्यवहाराची गोष्ट, जी आम्हाला उशिरा सुचली. या माणसांचा विवेक जातो, पण सही शाबूत राहते. आईने एका अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून मुदत ठेव मोडली आणि ते पैसे परत आले नाहीत. वडिलांची बँक खाती, एटीएम कार्ड आणि शेताचा सातबारा कोणाच्या नजरेखाली राहील, हे घरातल्या चार जणांनी बसून आत्ताच ठरवा. त्यांना समजावून सांगण्यात शक्ती घालवू नका, कारण आपल्यात काही बिघडले आहे याची जाणीवच या आजारात सुरुवातीला जाते. आईला मी शेवटपर्यंत सांगत राहिलो की तू आजारी आहेस, आणि ती दर वेळी माझ्याकडे पाहून म्हणत असे की, डॉक्टरकडे तूच जाऊन ये, मला काय झाले आहे?